लंडनमध्ये चार दिवस, सोबत सासूबाई आणि नऊ वर्षांचा मुलगा: कोणती म्युझियम्स बघू आणि कोणती सोडू?

टाकेदोरे:

नमस्कार मंडळी. मेच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही लंडनला चाललोय. नवऱ्याचं ऑफिसचं काम आहे, त्यामुळे दिवसभर तो आमच्यात नसेल. मी, सासूबाई आणि मुलगा असे तिघं चार पूर्ण दिवस मोकळे आहोत. राजवाडा, पूल, घड्याळ हे सगळं संध्याकाळी नवऱ्याबरोबर करायचं ठरलंय. दिवस म्युझियमसाठी ठेवलेत आणि तिथेच गाडी अडली आहे.

सासूबाई शाळेत इतिहास शिकवायच्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण जेवताना कुणी पानिपतचं साल चुकीचं सांगितलं तर अजूनही हातातला घास खाली ठेवून दुरुस्त करतात. गुडघे दुखतात. सपाटीवर चालतात, पण पाऊण तासाने बसायला जागा हवी. हे त्या स्वतःहून कधी सांगत नाहीत, चेहऱ्यावरून ओळखावं लागतं. मुलाला आगगाड्या म्हणजे जीव की प्राण, त्याखालोखाल डायनोसॉर. आणि मी भरतकाम करते. चांगलं कापड दिसलं की त्याची उलटी बाजू बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

आत्तापर्यंत लिहून काढलेली नावं: ब्रिटिश म्युझियम, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, नॅचरल हिस्टरी, सायन्स, नॅशनल गॅलरी, टेट मॉडर्न, इम्पीरियल वॉर, ग्रिनिच, ट्रान्सपोर्ट. जो भेटतो तो यात भर घालतो. काय बघावं ते सगळेच सांगतात हो, काय सोडावं ते कुणी सांगत नाही. मला तेच हवंय.

सासूबाईंची मागणी एकच: व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमधली शिवाजी महाराजांची वाघनखं. त्यासाठी किती वेळ ठेवू? तिकिटं आधी काढावी लागतात का?

---

फिरस्ता:

आधी वाघनखांचं. ती सध्या लंडनमध्ये नाहीत. २०२४ च्या जुलैत तीन वर्षांच्या कराराने ती महाराष्ट्रात आणली, सुरुवातीला साताऱ्याच्या संग्रहालयात ठेवली होती. म्हणजे सासूबाईंना ती बघायची असतील तर विमानाची गरज नाही, एसटी पुरेल. आत्ता कोणत्या शहरात आहेत तेवढं बघून घ्या. त्या इतिहासाच्या शिक्षिका आहेत म्हणून आणखी एक: ही वाघनखं साताऱ्याचा रेसिडेंट, म्हणजे तिथला इंग्रजांचा प्रतिनिधी, असलेल्या ग्रँट डफच्या घराण्याकडून म्युझियमला मिळाली. महाराजांनी अफझलखानाच्या वेळी वापरली ती हीच का, हे पडताळता आलेलं नाही, असं म्युझियम स्वतःच सांगतं.

तिकिटाचं: तुमच्या यादीतली बहुतेक म्युझियम्स फुकट आहेत. ब्रिटिश म्युझियम, व्ही अँड ए (व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट), नॅचरल हिस्टरी, सायन्स, नॅशनल गॅलरी, टेट, इम्पीरियल वॉर, सगळी. पैसे पडतात ते आतल्या खास प्रदर्शनांना. ट्रान्सपोर्ट म्युझियमला आणि ग्रिनिचच्या वेधशाळेला तिकीट आहे. फुकट असलं तरी ब्रिटिश म्युझियम आणि नॅचरल हिस्टरीची वेळ संकेतस्थळावर आधी नोंदवून ठेवा, रांगेत उभं राहणं वाचतं.

बेत सोपा आहे. व्ही अँड ए, नॅचरल हिस्टरी आणि सायन्स साऊथ केन्सिंग्टनला एकमेकांना खेटून आहेत. तिन्ही एका दिवसात उरकून टाका. दुसऱ्या दिवशी ब्रिटिश म्युझियम, तिसऱ्या दिवशी नॅशनल गॅलरी आणि ट्रान्सपोर्ट, चौथा दिवस ग्रिनिच.

---

जुनीवही:

फिरस्ता, वाघनखांची माहिती अगदी बरोबर. पण टाकेदोरे, ती तिन्ही एका दिवसात उरकायचं कृपा करून मनावर घेऊ नका. नकाशावर ती शेजारी शेजारी आहेत हे खरं, पण प्रत्येकाच्या आत एकेक गाव वसलंय. सासूबाईंचे गुडघे दुसऱ्याच इमारतीत बोलायला लागतील, त्या सांगणार नाहीत, आणि संध्याकाळी तुम्हाला कळेल की दिवसभर त्यांनी फक्त बाक शोधले.

मी लंडनमध्ये बरीच वर्षं काढली. घरी पाहुणे आले की म्युझियम दाखवायचं काम माझ्याकडे असायचं आणि मी ते फार आवडीने करायचे. त्यातून माझं एक मत पक्कं झालं: म्युझियमांची नावं आधी लिहायचीच नाहीत. आपल्याबरोबर कोण आहे ते लिहायचं आणि त्यांच्यासाठी दोन-तीन वस्तू शोधायच्या. त्या वस्तू जिथे असतील तिथे जायचं. बाकी जे वाटेत दिसेल ते दिसेल. या म्युझियमांच्या संकेतस्थळांवर वस्तूचं नाव टाकलं की ती आत्ता मांडलेली आहे की कोठारात आहे, मांडली असेल तर कितव्या दालनात, हे येतं. जायच्या आदल्या रात्री तिघांनी मिळून ते बघा. दालनं दुरुस्तीसाठी बंद होतात, वस्तू दुसरीकडे पाठवल्या जातात. वाघनखांचं झालंच ना. टिपू सुलतानाचा लाकडी वाघही व्ही अँड एकडेच आहे, तो बघायचा असेल तर त्याचीही आधी अशीच चौकशी करा.

सासूबाईंपासून सुरू करते. त्यांना ब्रिटिश म्युझियमला न्या आणि शुक्रवारी दुपारनंतर न्या. इतर दिवशी ते पाचला बंद होतं, शुक्रवारी रात्री साडेआठपर्यंत उघडं असतं. पाचनंतर सहली आणि शाळेची मुलं निघून जातात आणि जिथे सकाळी खांद्याला खांदा लागतो तिथे बसून बघता येतं. आत गेल्यावर सगळी गर्दी रोझेटा शिळेकडे वळेल. तुम्ही वळू नका. काचेभोवती माणसांची भिंत असते, फोन वर धरलेले असतात, दगड दिसतच नाही. त्याऐवजी १ नंबरच्या दालनात जा. जुन्या ग्रंथालयाचं लांबच लांब दालन आहे ते. तिथे या शिळेची हुबेहूब प्रतिकृती उघडी ठेवलीय आणि तिला हात लावता येतो. वर इजिप्तची चित्रलिपी, मध्ये डेमोटिक म्हणजे तिथली रोजच्या वापरातली लिपी, खाली ग्रीक. इसवीसनपूर्व १९६ चा एकच मजकूर तीन लिप्यांत. मुलाला तिन्ही पट्ट्यांवरून बोट फिरवू द्या आणि शँपोलियन या फ्रेंच अभ्यासकाने १८२२ साली ही चित्रलिपी कशी सोडवली ते आजींना सांगू द्या. वर्गात शिकवलेला धडा त्यांना दगडावर हात ठेवून शिकवता येईल. मग येताना खऱ्या शिळेपाशी थांबलात तरी चालेल, नाही थांबलात तरी चालेल.

नंतर ३३ए. हे अमरावतीचं दालन. ३३ नंबरच्या मोठ्या दालनाच्या टोकाला काचेआड आहे, त्यामुळे निम्मे लोक त्याच्यावरून निघून जातात. आंध्रातल्या अमरावतीच्या स्तूपाच्या शिळा आहेत, पांढरट चुनखडीच्या. त्यातली एक शिळा दोन्ही बाजूंनी कोरलेली आहे. तिच्यासमोर सासूबाईंना भरपूर वेळ द्या. एका बाजूला बोधिवृक्ष, त्याखाली रिकामं आसन आणि भोवती हात जोडलेली माणसं. बुद्ध कुठेच नाही. इसवीसनपूर्व पहिल्या शतकातलं हे काम, तेव्हा बुद्धाची मूर्ती न करता खुणेनेच तो दाखवायचे. पुढे सुमारे तीनशे वर्षांनी कुणी तरी तीच शिळा उलटवली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर अख्खा स्तूप कोरला: तोरणावरचे सिंह, वेटोळी घातलेले नाग, दाटीवाटीने भक्त, आणि दारात उभा असलेला बुद्ध. तीनशे वर्षांत श्रद्धा कशी बदलली ते एका दगडाच्या दोन बाजूंवर दिसतं. मी अनेक पाहुण्यांना ही शिळा दाखवली आणि बहुतेकांना बाकीचं म्युझियम पुसट आठवतं, ही आठवते. हे सगळं आपल्याकडून इथे कसं आलं, हा प्रश्न तिथे उभं राहिल्यावर मनात येतोच. यायलाच हवा. सासूबाई त्यावर बोलतील तर बोलू द्या, मुलगाही ऐकेल.

अंगात त्राण असेल तर १० नंबरच्या दालनात प्राचीन इराकमधल्या अश्शूरच्या राजाची सिंहाची शिकार आहे. निनवेच्या राजवाड्याच्या भिंतींवरच्या शिळा, इसवीसनपूर्व सातव्या शतकातल्या. त्यात बाण लागलेली एक सिंहीण शोधा. मागचे पाय लुळे पडलेत, ते फरफटत ती पुढच्या दोन पायांवर उठते आहे, तोंड उघडं. ज्याने कोरलं त्याला राजाचा पराक्रम दाखवायचा होता, पण त्या सिंहिणीवर त्याने जी माया केलीय ती लपत नाही.

ममी सोडा. सगळ्यात जास्त गर्दी तिथेच असते. मुलाने हट्ट धरलाच तर त्याऐवजी ४० नंबरमधली लुईस बेटावरची बुद्धिबळाची प्यादी दाखवा. वॉलरसच्या सुळ्यांची, बाराव्या शतकातली. एक सैनिक स्वतःच्या ढालीची कड दातांनी चावतोय आणि राणी गालाला हात लावून बसलीय. नऊ वर्षांच्या मुलाला तो ढाल चावणारा शिपाई ममीपेक्षा जास्त आवडतो, हा माझा अनुभव.

आता मुलगा. मेच्या शेवटच्या आठवड्यात तिथल्या शाळांना सुट्टी असते, त्यामुळे नॅचरल हिस्टरीत मुलांचा महापूर असेल. सकाळी दहाला दार उघडतानाच हजर राहा आणि तडक डायनोसॉरकडे जा. तासाभराने तिथल्या रांगेकडे बघवणार नाही. मग निवांतपणे मधल्या मोठ्या सभागृहात या. वर निळ्या देवमाशाचा पंचवीस मीटरचा सांगाडा सूर मारल्यासारखा टांगलाय. त्याच्याखाली उभं राहून सगळे वर बघतात. मुलाला म्हणावं खांबांकडे आणि कमानींकडे बघ. भाजलेल्या मातीची माकडं कमानींवर चढताहेत. १८८१ साली उघडलेली ही इमारतच प्राण्यांनी मढवलेली आहे: पश्चिमेच्या भागावर आज हयात असलेले प्राणी, पूर्वेच्या भागावर नामशेष झालेले. बाहेर पडताना कोणता कुठल्या बाजूला ते त्याला ओळखायला लावा.

आणि तिथून रस्ता ओलांडून व्ही अँड एच्या अंगणात जाऊन बसा. ‘बघायला’ नव्हे, बसायला. मधल्या चौकात उथळ पाण्याचं कुंड आहे, उन्हाळ्यात मुलं त्यात बिनदिक्कत पाय बुडवतात, कुणी हटकत नाही. मुलाच्या कपड्यांचा एक जोड पिशवीत ठेवा. सासूबाईंना खुर्ची मिळेल. त्या दिवशी सायन्स म्युझियमकडे बघूही नका.

तुमचं स्वतःचं राहिलं, ते उद्या लिहिते. सून म्हणून, आई म्हणून सगळं लिहिलंत, स्वतःसाठी फक्त एक ओळ ठेवलीत.

---

टाकेदोरे:

जुनीवही, तुमचं लिहिलेलं सासूबाईंना वाचून दाखवलं. वाघनखं नाहीत म्हटल्यावर क्षणभर खट्टू झाल्या, मग म्हणाल्या, “घरी आली ना, मग बरंच झालं.” त्या शिळेचं ऐकून त्यांनी कपाटातून जुनी टिपणं काढलीत, अमरावतीवर कधी तरी लिहिलेली. आता त्यांचाच अभ्यास सुरू झालाय.

माझं म्हणाल तर मला खरंच कापडच बघायचंय. पण तिघांत माझ्या एकटीसाठी अर्धा दिवस मागावा की नाही, हे ठरत नव्हतं. आणि मुलाच्या आगगाड्यांचं काय? सायन्स म्युझियम सोडायचं तर इंजिनं कुठे दाखवू?

---

रुळावरचा:

आगगाड्यांचं मी सांगतो, माझा विषय आहे. कॉव्हेंट गार्डनचं लंडन ट्रान्सपोर्ट म्युझियम. जुन्या फुलबाजाराच्या इमारतीत आहे. मोठ्यांना तिकीट लागतं, मुलाला लागणार नाही. ते तिकीट वर्षभर चालतं, म्हणजे एका दिवशी अर्धं बघून दुसऱ्या दिवशी परत जाता येतं. ही सोय तुमच्यासारख्यांसाठी सोन्यासारखी आहे.

जगातली पहिली भुयारी रेल्वे लंडनची, १८६३ ची. सुरुवातीला बोगद्यातून वाफेची इंजिनं धावायची, धूर कोंडायचा. त्यातलं १८६६ चं एक इंजिन तिथे उभं आहे. पण माझ्या मते बघायचा तो १८९० चा डबा. विजेवर चालणाऱ्या पहिल्या खोल भुयारी मार्गाचा. लोक त्याला ‘गादीची कोठडी’ म्हणायचे. आत दोन्ही बाजूंना पाठीमागे उंच, गुबगुबीत गाद्या आणि खिडक्या म्हणजे छताजवळच्या नुसत्या फटी. बोगद्यात बाहेर बघायला आहेच काय, मग खिडकी कशाला, असा हिशोब होता. आत कुठलं स्टेशन आलं हे कळायला मार्ग नव्हता, गार्ड ओरडून सांगायचा. मुलाला त्यात बसवा आणि त्याच संध्याकाळी आजच्या भुयारी गाडीने घरी न्या. दोन्हींत काय फरक ते तोच तुम्हाला सांगत बसेल.

सायन्स म्युझियमवर मात्र फुली मारू नका. वाफेच्या इंजिनांचं खालचं दालन अप्रतिम आहे, आणि जेम्स वॉटची माळ्यावरची कार्यशाळा तिथे हत्यारांसकट जशीच्या तशी लावून ठेवलीय. पाऊस लागला तर तासभर काढता येईल.

लहान मुलांचा प्रवासही स्वस्त पडतो. अकरा वर्षांखालची मुलं मोठ्यांबरोबर भुयारी रेल्वेने फुकट जातात. पण साऊथ केन्सिंग्टनच्या स्टेशनात जिने आहेत, लिफ्टवर विसंबू नका. सासूबाईंना बसने न्या. तिथल्या बस खालच्या मजल्यावर सपाट असतात, चढायला त्रास नाही आणि खिडकीतून शहरही दिसतं.

---

फिरस्ता:

जुनीवही, तुम्ही लिहिलेलं आवडलं, पण माझं म्हणणं मी सोडणार नाही. तुम्ही तिथे राहत होतात. आज नाही तर पुढच्या शनिवारी, असं तुम्हाला म्हणता यायचं. इथून जाणाऱ्या माणसाचं तसं नसतं. व्हिसा, विमानाचं भाडं, नवऱ्याच्या कामाचा योग, हे सगळं पुन्हा कधी जुळून येईल सांगता येत नाही. सासूबाईंच्या बाबतीत तर नाहीच. मग तीन वस्तू बघून बाहेर यायचं आणि शेजारच्या इमारतीत पाऊलही टाकायचं नाही, हे मला पटत नाही. माझ्या आईला मी फिरवलं तेव्हा तिने सगळीकडे थोडं थोडं बघितलं. नावं तिला आठवत नाहीत, पण ‘केवढं होतं ते’ हे ती आजही हात पसरून सांगते. तो आनंदही खराच आहे.

---

जुनीवही:

फिरस्ता, तुमच्या आईंचा आनंद खराच आहे, त्यात वादच नाही. आणि तुमच्या मुद्द्यावर उपाय त्या शहरातच आहे: प्रवेश फुकट. पैसे मोजून गेलो की ते वसूल करायला माणूस दमेपर्यंत फिरत राहतो. इथे ते ओझं नाही. नॅशनल गॅलरीत अर्ध्या तासासाठी शिरावं, दोन चित्रं बघावीत, बाहेर यावं. कॉव्हेंट गार्डनहून ती चालत जाण्याइतकी जवळ आहे. तेव्हा ट्रान्सपोर्ट म्युझियमच्या दिवशीच जाता येईल.

चित्रांपुढे नऊ वर्षांचा मुलगा उभा राहणार नाही असं वाटेल. त्याला होल्बाइनचं ‘राजदूत’ दाखवा, १५३३ चं. दोन भारदस्त पुरुष, मागे पृथ्वीचा गोल, आकाशाचा गोल आणि वाद्यं, आणि पायाशी एक तिरकी, ताणलेली, कशाचीच न वाटणारी करडी पट्टी. समोरून काही केल्या उमगत नाही. चित्राच्या उजव्या कडेला भिंतीजवळ जाऊन तिरकं बघायचं, की त्या पट्टीची कवटी होते. मुलगा दहा वेळा मागेपुढे करेल. मग त्याला व्हॅन आयकचं १४३४ चं जोडप्याचं चित्र दाखवा आणि मागच्या भिंतीवरच्या वाटोळ्या आरशात आणखी किती माणसं दिसतात ते विचारा. एवढं झालं की गॅलरी झाली. शुक्रवारी तीही रात्री नऊपर्यंत उघडी असते, पण तुमचा शुक्रवार ब्रिटिश म्युझियमला दिलाय.

आता टाकेदोरे, तुमचा अर्धा दिवस. मागायचा काय त्यात? नवऱ्याच्या सुट्टीच्या दिवशी मुलगा आणि सासूबाई त्याच्याकडे सोपवा आणि एकट्या व्ही अँड एला जा. ४२ नंबरच्या दालनात अर्दबीलचा गालिचा आहे. इराणातला, विणकामातच हिजरी ९४६ हे साल घातलेलं, म्हणजे १५३९-४० चा. साडेदहा मीटर लांब, सव्वापाच मीटर रुंद, जमिनीवर पसरलेला आणि भोवती काचेची खोली. रंग उडू नयेत म्हणून तिथे अंधार ठेवतात आणि दर तासाला व अर्ध्या तासाला दहा मिनिटंच दिवे लावतात. ते सांभाळून पाच मिनिटं आधी जा. अंधारात आधी नुसता निळसर पट्टा जाणवतो, मग दिवे लागले की मधली पिवळी चांदणी आणि तिच्या दोन टोकांना लटकणारे दोन दिवे दिसतात. ते दोन दिवे नीट बघा. एक मोठा आहे, एक लहान. मुद्दाम उणीव ठेवली म्हणून, की एका टोकाला बसणाऱ्याला दोन्ही सारखे दिसावेत म्हणून, यावर जाणकारांत अजून एकमत नाही. तुम्ही स्वतः टाका घालता, तुम्हाला काय वाटतं ते परत आल्यावर मला नक्की सांगा.

आणि खास तुमच्यासाठी दुसरी जागा. व्ही अँड एने २०२५ च्या मेमध्ये शहराच्या पूर्वेला, ऑलिम्पिकच्या बागेत, आपलं कोठारच लोकांसाठी उघडलंय. स्टोअरहाऊस म्हणतात. लोखंडी मांडण्यांवर लाखो वस्तू, मधून चालायचं. आग्र्याच्या किल्ल्यातल्या हमामखान्याचे संगमरवरी खांबही तिथे उभे आहेत. पण तुमच्या कामाचं वेगळंच आहे: संकेतस्थळावर आवडीची वस्तू निवडून आधी मागणी नोंदवली की ठरल्या दिवशी ती टेबलावर काढून ठेवतात आणि शेजारी बसून बघता येते. त्यांच्याकडे हिंदुस्थानी कापडाचा प्रचंड साठा आहे. चिकनकारी, कांथा, कच्छी भरत, काय हवं ते शोधा. त्यांच्या माणसाला उलटी बाजू दाखवायची विनंती जरूर करा. हे फुकट आहे, पण मागणी काही आठवडे आधी नोंदवावी लागते, तेव्हा आजच बसा.

तुमच्या यादीतलं टेट मॉडर्न आणि इम्पीरियल वॉर सोडा. दोन्ही उत्तम आहेत, पण तुमच्या तिघांपैकी कुणीही त्यांचं नाव घेतलेलं नाही. ग्रिनिच मुलगा आणखी दोन वर्षांनी मोठा असता तर सांगितलं असतं.

---

भीमाकाठ:

इतक्या चर्चेत एक पत्ता कुणीच दिला नाही म्हणून लिहितो. १०, किंग हेन्रीज रोड. चॉक फार्म स्टेशनपासून चालत जाता येतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये या घरात राहिले, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना. महाराष्ट्र सरकारने २०१५ साली ते घर विकत घेतलं आणि तिथे स्मारक केलं. दगडी राजवाडा नाही, वस्तूंची रेलचेल नाही. शांत रस्त्यावरचं चारचौघांसारखं घर आहे, बाहेर निळी पाटी. आत त्यांची छायाचित्रं आणि पुस्तकं.

माझे वडील तिथे गेले तेव्हा दारात चपला काढू लागले. काढायची गरज नाही असं सांगितलं तरी त्यांनी काढल्या.

टाकेदोरे, तुमच्या सासूबाई इतिहासाच्या शिक्षिका आहेत, तेव्हा ब्रिटिश म्युझियमशी याचा धागा त्यांना नक्की सांगा. म्युझियमच्या मोठ्या काचेच्या चौकात मधोमध जी गोल इमारत आहे, ते १८५७ चं वाचनालय. बाबासाहेब विद्यार्थी असताना सकाळपासून तिथे वाचत बसायचे. अमरावतीच्या शिळेकडे जाताना तुम्ही त्या भिंतीजवळूनच जाल. स्मारक उघडं असण्याचे दिवस आणि वेळा निघण्याआधी बघून घ्या.

---

टाकेदोरे:

भीमाकाठ, फार मोठी गोष्ट सांगितलीत. सासूबाईंनी लगेच सांगितलं, आधी हे घर, मग बाकीचं. एका सकाळी ते आणि त्याच दुपारी ब्रिटिश म्युझियम असं शुक्रवारी जमेल ना? मुलगा ‘गादीची कोठडी’वर खूश आहे, रोज विचारतोय की आत खरंच बसू देतील का. स्टोअरहाऊसची मागणी काल रात्री नोंदवली. एक कांथा मिळाली.

शेवटचा प्रश्न: पिशव्यांचं काय? सासूबाईंची औषधं, पाण्याची बाटली, मुलाचे कपडे, खाणं, एवढं बरोबर असणार. आणि त्यांना मधेमधे बसायचं कसं जमवू?

---

जुनीवही:

शुक्रवारी जमेल, पण मधे दोन तास मुक्कामी परत जाऊन पाठ टेकू द्या. नाहीतर सरळ दुपारी चारला ब्रिटिश म्युझियममध्ये शिरा.

पाठीवरची साधी पिशवी चालते, दारात तपासतात. चाकांच्या मोठ्या बॅगा घेत नाहीत, तेव्हा विमानतळावरून थेट जायचा बेत करू नका. पाणी आणि औषधांना हरकत नसते, खाणं मात्र दालनांत नाही, ठरवून दिलेल्या जागी. पुढच्या दाराला रांग असेल तर मागच्या बाजूला माँटेग्यू प्लेसचं दार आहे, तिथे बहुतेक वेळा कमी गर्दी असते आणि ३३ नंबरचं दालनही त्या बाजूने जवळ पडतं.

बसण्यासाठी चौकशीच्या टेबलावर घडीचा हलका स्टूल मागा, काही ठिकाणी देतात. चाकाची खुर्चीही उसनी मिळते. सासूबाई खुर्चीला नाही म्हणतील, स्टूलाला म्हणणार नाहीत. तो मुलाच्या हातात द्या आणि आजी थांबल्या की उघडायचं काम त्याच्याकडे सोपवा. त्या शिळेसमोर पहिल्यांदा उघडायला सांगा, तिथे त्या बराच वेळ उठणार नाहीत.

---

रुळावरचा:

मुलाला सांगा, जुन्या गाड्यांपैकी काहींत चढून बसता येतं, काही दोरीच्या पलीकडे असतात. नव्या गाडीचा चालक होऊन बघायचं यंत्रही आहे, त्याला रांग असते. आधी तिथे जा, मग कोठडीकडे.